घरी सक्शन करताना: नळी किती आत आणि बोट कधी

अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गळ्यात ट्रॅकची नळी (श्वासासाठी गळ्याला भोक पाडून बसवलेली) असताना कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या घरी आणलं, तेव्हा डिस्चार्जच्या गडबडीत मला सक्शन, म्हणजे त्या नळीतून बारीक कॅथेटर घालून मशीनने कफ ओढून काढणं, दहा मिनिटांत दाखवलं होतं. पुढे अडीच वर्षं मी ते दिवसातून आठ-दहा वेळा केलं. आता ओळखीत कुणाकडे असा पेशंट घरी आला की मला बोलावणं येतं, आणि बहुतेक घरांत एकच सल्ला ऐकू येतो: "कॅथेटर अजून आत घाला, खोकला आल्याशिवाय कफ निघत नाही." हा सल्ला चुकीचा आहे आणि तो मी स्वतः पाळलेला आहे. म्हणून हे लिहिते आहे.

आधी एक अट. हे वाचून पहिल्यांदाच पेशंटला हात लावू नका. घरी आणण्याआधी सिस्टरसमोर स्वतःच्या हाताने चार-पाच वेळा करा, घरातल्या दोघांनी तरी करा.

हात साबणाने धुवा, ग्लोव्ह्ज घाला, पेशंटचं डोकं थोडं वर घ्या. ऑक्सिजन चालू असेल तर डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढा आधी वाढवा. बोटाला ऑक्सिमीटर लावून ठेवा.

मशीनचं ओढायचं प्रेशर मोठ्या माणसाला 80 ते 120 मिलिमीटर मर्क्युरी. मीटरवर केपीए (किलोपास्कल) असेल तर साधारण 11 ते 16. लहान मुलांना याहून कमी लागतं, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. मशीन नुसतं चालू करून मीटर बघू नका, मशीनची नळी उघडी असताना काटा खरं सांगत नाही. नळी दुमडून घट्ट दाबा, मग काटा कुठे जातो ते बघून बटण फिरवा. कफ घट्ट आहे म्हणून प्रेशर वाढवत नेणारे लोक मी पाहिले आहेत. त्याने कफ सुटत नाही, आतलं अस्तर ओढलं जातं.

कॅथेटर गळ्यातल्या नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको. आठ नंबरच्या (8 मिलिमीटर) नळीला बारा नंबरचा, पांढऱ्या टोकाचा; कॅथेटरचे नंबर वेगळ्या मापाचे, बारा म्हणजे 4 मिलिमीटर जाड. दुकानात थंब कंट्रोलचाच मागा, म्हणजे बाजूचं भोक अंगठ्याने झाकलं की ओढ सुरू होते असा. साधा, भोक नसलेला दिला तर परत करा.

आता खरी गोष्ट.

घरी आल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी सांगितल्याप्रमाणे कॅथेटर आत सारत गेले. अडकल्यासारखं लागलं, तरी थोडा रेटला. अण्णा जोरात खोकले, चेहरा काळानिळा पडला, आणि कॅथेटर बाहेर आला तो लाल. ऑक्सिमीटरवरचा नाडीचा आकडा एकदम खाली उतरला होता. मी हात काढून घेतला, ऑक्सिजन वाढवला आणि सिस्टरला फोन लावला. पलीकडून पहिला प्रश्न आला, "किती आत घातलात?" मला सांगता आलं नाही, कारण मी मोजलंच नव्हतं.

खोल गेलं की कॅथेटरचं टोक श्वासनळी जिथे दोन फाट्यांत विभागते तिथे आपटतं. तिथलं अस्तर फार नाजूक असतं. रोज तिथे घासलं की जखम होते, रक्त येतं, आणि नाडीही मंदावू शकते. म्हणजे जो खोकला बघून घरचे समाधान मानतात, तो बऱ्याचदा दुखावल्याचा खोकला असतो.

म्हणून मोजा. तुमच्याकडे गळ्यातल्या नळीच्याच नंबरची जादा नळी असायलाच हवी. नसेल तर आजच आणा, ती पेशंटच्या उशाशी राहिली पाहिजे. त्या जादा नळीतून कॅथेटर घाला आणि टोकाची भोकं दुसऱ्या बाजूने जेमतेम बाहेर येतील तिथे थांबा. आमच्याकडे ही लांबी 11 सेंटिमीटर भरली. तुमची वेगळी असेल, आणि गळ्यातली नळी बदलली की पुन्हा मोजायची. मी तेवढ्या लांबीची कागदाची पट्टी कापून पलंगाजवळच्या कपाटाला चिकटवली होती. प्रत्येक वेळी कॅथेटर पट्टीशेजारी धरायचा (कागदाला टेकवायचा नाही), 11 वर चिमटीत पकडायचा, आणि चिमटी नळीच्या तोंडाशी आली की थांबायचं. मदतीला येणाऱ्या मावशींनाही पट्टीमुळे पहिल्याच दिवशी जमलं.

दुसरी चूक बोटाची. आत जाताना थंब कंट्रोलचं भोक उघडं ठेवायचं. बाहेर काढायला लागल्यावरच अंगठा ठेवायचा आणि कॅथेटर चिमटीत हलकेच फिरवत काढायचा. आत जातानाच ओढ सुरू केली, तर कफाबरोबर पेशंटच्या छातीतली हवाही तुम्ही ओढून घेता. सगळं मिळून दहा सेकंद, त्यापुढे नाही. मी स्वतःचा श्वास रोखून धरायची. आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की त्यांनाही वाटतोच. दोन फेऱ्यांत अर्धा-एक मिनिट विश्रांती द्या, ऑक्सिजनचा आकडा पूर्ववत होऊ द्या. तीन फेऱ्यांच्या वर जाऊ नका.

खरखर ऐकू आली, नळीच्या तोंडाशी कफ दिसला, आकडा घसरला, तरच सक्शन. घड्याळ लावून दर दोन तासांनी करू नका. गरज नसताना केलेल्या सक्शनने कफ वाढतो. सक्शनआधी नळीत सलाईन टाकायची सवयही सोडा. ते कफात मिसळत नाही, उलट आकडा खाली आणतं आणि जंतू आत ढकलतं. कफ घट्ट असेल तर हवेतला ओलावा आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं नेब्युलायझर बघा, पोटात पाणी पुरेसं जातं का तेही बघा.

आधी गळा, मग तोंड. उलटं कधीच नाही. तोंडात गेलेला कॅथेटर गळ्यात जात नाही, तो फेकायचा. नाकातल्या नळीतून पोट भरल्यावर लगेच सक्शन करू नका, उलटी छातीत जाते. भरवण्याआधी करा.

मशीनचा कफ साठायचा जार निम्मा भरला की रिकामा करून धुवा. मशीन ओढत नसेल तर आधी जारचं झाकण नीट बसलं आहे का बघा, मग फिल्टर. भिजलेला फिल्टर बदलायचा, वाळवायचा नाही.

कॅथेटर आत जातच नसेल तर रेटू नका. गळ्यातल्या नळीच्या आतली नळी वेगळी निघणारी असेल तर ती काढून साफ करा. तरीही जात नसेल आणि श्वास लागत असेल तर 108 ला फोन करा, वाट बघू नका. कफ पिवळा-हिरवा झाला किंवा त्याला वास येऊ लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा, आणि लालभडक रक्त आलं तर लगेच.

लाईटचा विचार पहिल्या दिवशीच करा. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात आमचं घर कोरडं होतं, पण लाईट नव्हती आणि इन्व्हर्टर संध्याकाळपर्यंतच टिकला. त्या रात्री अण्णांचा कफ पायाने दाबायच्या सक्शन पंपावर काढला. एकाने पंप मारायचा, दुसऱ्याने कॅथेटर धरायचा, तिसऱ्याने मोबाईलची बॅटरी. असा पंप घरात हवाच, आणि महिन्यातून एकदा पाणी ओढून तपासा, कारण नुसता पडून राहिला की त्याचं रबर चिकटतं.