कॅमेऱ्याची सॅक रिकामी घालून बघू नका, आणि या चुकाही टाळा

दुकानात टांगलेली कॅमेरा सॅक पाठीला लावली की छानच वाटते. आत कागदाचे बोळे असतात, त्यामुळे वजन काय ते सॅकचं स्वतःचं, दीड-पावणेदोन किलो. आरशासमोर एकदा वळून बघायचं आणि बिल करायचं. मग लोहगडाच्या पायऱ्या निम्म्या झाल्या की खांद्यात कळ यायला लागते.

म्हणून आधी घरी आपलं सामान वजनकाट्यावर ठेवा. फुल-फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, आत आरसा नसलेला) कॅमेरा, म्हणजे नुसती बॉडी, साधारण ७०० ग्रॅम, नेहमीच्या वापराची २४-७० एफ २.८ लेन्स ८०० च्या आसपास, दूरचं टिपणारी ७०-२०० एफ २.८ एक ते दीड किलो, बरा ट्रायपॉड दीड किलो. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. त्यात सॅक धरली की आठ किलो होतात, आणि डबा, विंडचीटर अजून बाहेरच आहे. एवढा भार नुसत्या खांद्यांवर दिवसभर पेलत नाही. त्याला कंबरपट्टा लागतो, आणि तोही रुंद, भरीव. दीड इंचाची नुसती पट्टी सॅक हलू देत नाही एवढंच, वजन उचलत नाही.

दुकानात जाताना आपलं सामान बरोबर न्या आणि सॅक भरून घाला. ऑनलाइन मागवली असेल तर टॅग न काढता घरीच भरा आणि इमारतीचा जिना चार मजले चढा-उतरा. त्यात जे टोचेल ते गडावर दहापट टोचेल.

जुन्याच सॅकने खांदे दुखत असतील तर नवी घेण्याआधी पट्टे नीट लावून बघा. आपण सगळेच आधी खांद्याचे पट्टे ओढतो, तिथेच चुकतं. सगळे पट्टे सैल करा, सॅक चढवा, कंबरपट्टा नितंबाच्या हाडाच्या वरच्या कडेवर आणून घट्ट आवळा. मग खांद्याचे पट्टे अंगाला टेकतील इतपत ओढा आणि शेवटी छातीचा. खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकलं तर वजन कमरेवर आलंय असं समजा. ट्रायपॉड एका बाजूला लटकवलाय आणि दुसरी बाजू रिकामी, असंही करू नका. पाण्याची बाटली पलीकडे लावा.

लिटरचा आकडा बघून सॅक घेणं ही दुसरी चूक. २५ लिटरच्या साध्या सॅकमध्ये जे मावतं, ते २५ लिटरच्या कॅमेरा सॅकमध्ये मावत नाही, कारण चारी बाजूंचा स्पंज आणि आतल्या भिंती जागा खातात. आख्खी सॅक कॅमेऱ्यासाठीच कप्पे पाडलेली असेल तर भाकरीचा डबा, टॉवेल, औषधं कुठे ठेवणार? एका दिवसाच्या सहलीला खाली कॅमेरा आणि वर मोकळा कप्पा अशी रचना मला सगळ्यात सोयीची वाटते. चांगली ट्रेकिंग सॅक आधीच असेल तर नवी घेऊच नका. बाहेर काढता येणारा, स्पंजचे कप्पे असलेला डबा मिळतो, तो तिच्यात बसवा.

भिगवणला किंवा ताडोबाला पक्षी-प्राण्यांसाठी १५०-६०० ची लांबलचक लेन्स घेऊन जाणाऱ्यांनी लेन्स बॉडीला लावलेली असताना ती आत जाते का, हे टेप लावून मोजावं. सॅकमध्ये ठेवताना दर वेळी लेन्स काढायची-लावायची पाळी आली की सेन्सरवर धूळ बसलीच.

आता पावसाबद्दल, कारण सर्वाधिक नुकसान तिथे होतं. राजमाचीहून परतताना मी रेनकव्हर नीट चढवलं होतं, पाऊस तीन तास थांबला नव्हता. लोणावळ्यात येऊन कव्हर काढलं तर त्याच्या तळाशी फुलपात्रभर पाणी होतं आणि सॅकचा तळ त्यात बुडालेला. सर्वात खालच्या कप्प्यात माझी लेन्स होती. तिच्याखालचा स्पंज दाबला तर बोटांमधून पाणी आलं. कव्हर कुठेही फाटलेलं नव्हतं. मानेवर पडलेलं पाणी पाठ आणि सॅक यांच्यामधून खाली उतरतं. कव्हर पाठीच्या बाजूने उघडंच असतं, त्यामुळे ते पाणी त्याच्यात शिरतं आणि झोळीत साठतं. तेव्हापासून मी तळाला भोक असलेलंच कव्हर वापरते, आणि आतला कॅमेऱ्याचा डबा जाड प्लास्टिकच्या पिशवीत, तोंड वर करून गुंडाळते. एरवी खाली कॅमेरा सोयीचा असला तरी पावसात तळाच्या कप्प्यात लेन्स नाही, कोरडे कपडे, तेही पिशवीत.

चेन कुठे आहे तेही बघा. पाठीच्या बाजूने उघडणारी सॅक चिखलात उताणी न ठेवता पालथी ठेवता येते, म्हणजे पाठीला लागणारी बाजू वर आणि कोरडी राहते. गर्दीच्या लोकलमध्ये मागचा माणूस चेनला हात लावू शकत नाही, हा वेगळा फायदा. तोटा एकच: कॅमेरा काढायला दर वेळी सॅक उतरवावी लागते. रस्त्यावरची छायाचित्रं काढणाऱ्यांनी म्हणून बाजूची चेन असलेली घ्यावी.

घरी आल्यावर कॅमेरा सॅकमध्येच राहू देणं ही चूक मात्र लेन्स घालवते. ओला स्पंज वरून कोरडा लागतो, आत दिवसच्या दिवस दमट राहतो. जुलैत मुंबई-कोकणात हवेत ८० टक्क्यांवर आर्द्रता असते आणि बुरशीला त्याहून बरीच कमीही पुरते. सिलिका जेलची पुडी सॅकमध्ये टाकून निर्धास्त होऊ नका. चेनची सॅक हवाबंद नसते, पुडी खोलीभरची ओल शोषत बसते आणि लवकरच संपते. कॅमेरा-लेन्स रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, जेल तिथे टाका. निळे दाणे गुलाबी झाले की तापवून सुकवा. सॅकमधले कप्पे सुटे करून ती पंख्याखाली उलटी टांगा. कडक उन्हात नको, आतला जलरोधक थर सुटायला लागतो.

विमानाने जाणार असाल तर देशांतर्गत प्रवासात हातातल्या बॅगेला बहुधा ७ किलोची मर्यादा असते, म्हणून सॅकचं रिकामं वजन आधी बघा. सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या सामानात न देता जवळच ठेवाव्या लागतात, त्यांना हाताशी एक कप्पा हवाच. कोल्हापूरसारख्या ठिकाणी छोटं एटीआर विमान असेल तर वरचा कप्पा अरुंद असतो, तिथे फुगीर सॅक अडते.

आणि चेन अडकायला लागली तर ओढू नका. जुन्या टूथब्रशने दातांमधली माती काढा, मेणबत्ती दोन्ही बाजूंना घासा, चेन पाच-सहा वेळा मागे-पुढे करा.