घरातल्या ज्येष्ठांच्या मेंदूचा व्यायाम : या चुका टाळा, आधी त्यांच्या हातातलं काम काढून घेणं थांबवा

लातुरात एका विरंगुळा केंद्रात मी आठवड्यातून दोन दिवस ज्येष्ठांकडून मेंदूचे व्यायाम करून घेते, सात वर्षं झाली आता, आणि दर महिन्याला कुणाचा तरी मुलगा नाहीतर सून येऊन तेच विचारते, ताई, बाबा लई विसरायलेत, कोणतं अ‍ॅप टाकून देऊ? मी उलट विचारते, बाबा सध्या घरात काय काम करतात? तर उत्तर येतं, काहीच नाही, आम्ही काही करूच देत नाही त्यांना. आणि हे अभिमानानं सांगतात. अहो तिथंच तर सगळं बिघडायलंय.

ही चूक माझ्या स्वतःच्या घरात झाली म्हणून सविस्तर सांगते. सासूबाईंनी एकदा वरणात दोनदा मीठ टाकलं, पंधरा दिवसांनी गॅसवर तवा तसाच राहिला. मी घाबरले. म्हटलं आई, तुम्ही आता बसा, आयुष्यभर लई केलंत. प्रेमानंच म्हटलं. त्यापण बसल्या, टीव्हीसमोर, आणि सहा-सात महिने बसल्याच. मग येळवस, म्हणजे आमची शेतातली वेळ अमावस्या, आली. आमच्याकडं येळवशीची भज्जी, तळलेली भजी नव्हे, दाणे-भाज्यांची बेसन लावलेली मिसळीची भाजी, म्हणजे आईंचाच हात, आदल्या रात्री जागून त्या करायच्या आणि आम्ही फक्त सोलून-निवडून द्यायचो. त्या रात्री मी मुद्दाम त्यांना पुढं बसवलं, तुरीचे दाणे, हरभरा, चिंचेचं पाणी, बेसन सगळं मांडून दिलं, आणि त्या बेसनाचं पातेलं हातात धरून नुसत्या बघत बसल्या, मग हळूच मला म्हणाल्या, "आता काय टाकू माय?" पन्नास वर्षं केलेली भज्जी होती ती. ती रात्र मी अजून विसरले नाही.

वयाचा भाग त्यात होताच, नाही म्हणत नाही. पण सहा महिने हाताला सवय नसणं हा भाग माझा होता.

दुसऱ्या दिवसापासून काम परत द्यायला सुरुवात केली, पण सगळं एकदम नाही. आधी फक्त शेंगा सोलणं. मग पीठ मळणं. मग भाकरी थापायची त्यांनी, भाजायची मी. मिठासाठी अशी सवय लावली की सकाळीच दिवसभराचं मीठ मोजून छोट्या वाट्यांत काढून ठेवायचं, वरणाची वाटी वेगळी आणि भाजीची वेगळी, वाटी रिकामी दिसली म्हणजे मीठ पडलंय, आठवायची गरजच नाही. गॅस पेटलेला असला की घरातलं एक माणूस नजरेच्या टप्प्यात, तोंड मात्र बंद ठेवून. तीन महिन्यांनी भाकरी गोल यायला लागली. भज्जी पुढच्या येळवशीला माझ्या मदतीनं झाली, पूर्वीसारखी एकटीनं नाही, आणि मला तेवढं पुरे आहे.

तुम्हाला कुठून सुरू करावं कळत नसेल तर १९६९ साली लॉटन आणि ब्रोडी यांनी केलेली एक यादी आहे, डॉक्टर अजून वापरतात ती. त्यात आठ कामं : फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणं, प्रवास, औषधं, पैसे. वहीत लिहा आणि प्रत्येकापुढं खरं काय ते टाका, स्वतः करतात, सोबत लागते, की आपणच काढून घेतलंय. तिसऱ्या रकान्यातलं एकच काम निवडा. एकच. लोक सोमवारी आठही सुरू करतात आणि शनिवारी येऊन सांगतात की काही फरक नाही.

आता अ‍ॅपचं. मी अ‍ॅपच्या विरोधात नाही, पण मुलं पुण्या-मुंबईत बसून टॅब पाठवून देतात आणि कर्तव्य झालं समजतात याचा मला खरंच त्रास होतो. आमच्याकडं एक नाना येतात, आडतीच्या दुकानात आयुष्यभर मुनीम होते, हिशोबाला एकदम पक्के. मुलानं टॅबवर कोडी टाकून दिली, नाना रोज तासभर खेळायचे, स्कोअर वाढत होता, मुलगा व्हिडिओ कॉलवर खूश. इकडं त्याच तीन महिन्यांत नानांनी दूधवाल्याला एका महिन्याचं बिल दोनदा दिलं आणि लाईट बिल भरायचंच राहिलं. सून रडकुंडीला आलेली, म्हणे ताई, मेंदू तर सुधारायलाय मग हे कामून होतंय?

होतंय कारण ज्याचा सराव कराल तेच सुधारतं. अमेरिकेत १९९८ मध्ये 'अ‍ॅक्टिव्ह' नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला होता, ६५ वर्षांवरचे २,८३२ लोक, एका गटाला स्मरणाचा सराव, एकाला तर्काचा, एकाला नजरेनं पटकन टिपण्याचा, आणि चौथ्या गटाला काहीच नाही. साधारण तासा-सव्वा तासाचे दहा वर्ग, पाच-सहा आठवड्यांत. ज्यांना जे शिकवलं त्यात ते सुधारले, स्मरणवाल्यांचा तर्क काही सुधारला नाही. दहा वर्षांनी पाहिलं तेव्हा तर्काचा आणि वेगाचा फायदा टिकला होता, स्मरणाचा नाही, पण तिन्ही गटांतल्या लोकांनी सांगितलं की रोजची कामं त्यांना चौथ्या गटापेक्षा कमी अवघड जातात. म्हणजे सरावाला अर्थ आहे, पण तो नेमून, शिकवणारा माणूस समोर बसून झालेला सराव होता, फुकटातला टॅब नव्हे. आणि काहींना अकराव्या आणि पस्तिसाव्या महिन्यात उजळणीचे वर्गही दिले होते. इथं आपण तीन आठवड्यांत कंटाळतो.

नानांचा टॅब मी बंद नाही केला, आवडतो त्यांना. फक्त दूध त्यांच्याकडं परत दिलं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी दूध ओतून झालं की लगेच लिटर लिहायचं, नंतर नाही, आणि बिल दिलं की त्याच चौकोनात लाल पेननं 'दिले' आणि दूधवाल्याची सही. महिन्याचा गुणाकार ते निमकी-अडीचकीनं, म्हणजे अर्ध्याच्या आणि अडीचच्या जुन्या पाढ्यांनी, तोंडी करतात, कॅल्क्युलेटरला हात लावत नाहीत. लाईट बिलाला मात्र अजून सून सोबत बसते, कारण तिथं मोबाईल आला आणि मोबाईल म्हणजे नवीन शिकणं, ते वेगळं आणि हळू असतं.

परीक्षा घेऊ नका. "आबा, ओळखा बरं हे कोण आलंय?" हे वाक्य मला ऐकवत नाही. चार पाहुण्यांत माणूस चुकतो, ओशाळतो, आणि पुढच्या वेळी बोलतच नाही. शिवाय चुकीचं उत्तर एकदा तोंडातून गेलं की तेच डोक्यात बसायची भीती असते. त्यापेक्षा आधी सांगा, मग विचारा : औषधाचा डबा देवघराशेजारी आहे, कुठं आहे? मिनिटानं परत विचारा, मग दोन, चार, आठ मिनिटांनी. अडकले तर लगेच उत्तर सांगायचं आणि मागच्या जमलेल्या अंतरावर जायचं. आणि डबा रोज तिथंच ठेवा हो, निम्म्या घरांत साफसफाईच्या नावाखाली सून डबा हलवते आणि सासरे विसरतात म्हणून तक्रार करते.

हरिपाठ तोंडपाठ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लहानपणी पाठ केलेलं फार उशिरापर्यंत शाबूत राहतं, आज सकाळी गोळी घेतली का हे आधी जातं.

चष्मा आणि कान आधी तपासा. ऐकूच आलं नाही तर आठवणार काय.

दुपारी जेवणानंतर सराव घेऊ नका, सकाळी घ्या.

प्रवास बंद करू नका. ७५ च्या पुढं एसटी फुकट आहे, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, मग औशाला बहिणीकडं जाऊ द्या की. पहिल्या वेळी शेजारी बसा, दुसऱ्या वेळी मागच्या सीटवर, नंतर स्टँडवर सोडायचं आणि तिकडून घ्यायला कुणीतरी उभं. खिशात चिठ्ठी, त्यावर नाव आणि घरचा नंबर. रस्ता चुकायला लागला असेल तर मात्र मागच्या सीटवरच थांबा, पुढची पायरी घाईनं घेऊ नका.

"काल जमलं, आज कामून नाही?" असं विचारणाऱ्यांनी आधी झोप, पाणी आणि पोट साफ झालं का ते बघावं, आपल्याकडं एप्रिल-मे मध्ये तर पाणी आधी. सगळं असूनही काही महिन्यांत हळूहळू घसरत असेल तर डॉक्टरांकडून बी-१२ आणि थायरॉईड तपासून घ्या, चालू असलेल्या झोपेच्या गोळ्याही दाखवा, यातलं बरंच काही सुधारता येतं. पण एक-दोन दिवसांत अचानक बडबड, माणसं न ओळखणं, रात्री उठून बसणं सुरू झालं तर तो विसरभोळेपणा नाही, लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं असं काहीही असू शकतं, आणि तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं अडखळलं तर तासाचीही वाट बघू नका. त्या दिवशी कोणताच सराव नाही. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा, पाकिटांसकट, आणि दवाखान्यात न्या.