अपूर्णांकांची रांग लावताना

नागपुरातल्या शाळेत रुजू झाले तेव्हा नोव्हेंबर होता. आंबिया बहाराची संत्री हातगाड्यांवर आलेली, म्हणून पाचवीच्या अपूर्णांकांच्या पहिल्या तासाला पिशवीभर संत्री घेऊन गेले. पाठ टाचणात ऐटीत लिहिलं होतं, ‘संत्र्याचे दहा समान भाग दाखवणे’. एकात नऊ फोडी निघाल्या, दुसऱ्यात अकरा, त्यातल्या दोन तर नखाएवढ्या. “मॅडम, हे समान कुठं हायेत?” मागच्या बाकावरून आवाज आला. पोरगं बरोबर बोलत होतं. संत्री सगळ्यांनी मिळून खाल्ली, एवढाच त्या तासाचा उपयोग.

तेव्हापासून मी कागदी पट्ट्या वापरते, प्रत्येक 24 सेंटीमीटरची. 24 ला 2, 3, 4, 6, 8 आणि 12 ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे खुणा सोप्या: अर्धा 12, एक तृतीयांश 8, पाव 6, एक अष्टमांश 3 सेंटीमीटर. सगळ्या पट्ट्या सारख्याच लांबीच्या हव्यात, यात हयगय नको. फुलक्याचा अर्धा आणि भाकरीचा पाव यांची तुलना करायला घेतली की वर्ग हातचा गेला.

मुलांची पहिली चूक ठरलेली असते. 1/8 आणि 1/5 यांत मोठा कोणता? “1/8! आठ मोठा हाये ना.” इथे रागावू नका, ‘छेद’ हा शब्दच फळ्यावर लिहा. छेद म्हणजे कापणं. जितके जास्त काप, तितका तुकडा बारीक. हे मुलांना चटकन पटतं. जरा जास्तच पटतं! मी पहिल्या वर्षी इथेच फसले. दुसऱ्या दिवशी अर्धा वर्ग 7/8 पेक्षा 2/5 मोठा म्हणत होता, कारण ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ हे त्यांनी पाठच करून टाकलं. ते फक्त अंश सारखे असतील तेव्हाच खरं, हे मी बोललेच नव्हते.

यावर मला सापडलेला उपाय म्हणजे अर्ध्याची खूण. 3/8 अर्ध्याच्या आत, कारण 8 चं अर्धं 4. 5/9 अर्ध्याच्या पुढे, कारण 9 चं अर्धं साडेचार. झाली तुलना, गुणाकार नाही की लसावि नाही.

5/6 आणि 7/8 मात्र दोन्ही अर्ध्याच्या पुढे. “दोघांनाही एकच कमी हाये, म्हणजे सारखेच,” असं हुशार मुलंच सांगतात. तिथे मी ‘पाऊण’ काढते. पाऊण म्हणजे पादोन, पावाने उणा. पावणेआठ वाजले म्हणताना आपण आठाला किती कमी तेच सांगतो. मग 5/6 ला पूर्ण व्हायला किती उणं? 1/6. आणि 7/8 ला? 1/8. उणीव ज्याची लहान, तो मोठा. ही रीत मुलांच्या तोंडात आधीपासून असते, आपण फक्त आठवण करून द्यायची.

शिष्यवृत्तीच्या तयारीत तुम्हाला कोणीतरी वडीलकीने सांगेलच, “तिरकस गुणाकार देऊन टाका, वेळ वाचतो.” द्या, पण शेवटी. 3/5 आणि 4/7 साठी आधी समच्छेद करून घ्या: 21/35 आणि 20/35. तिरकस गुणाकारात येणारे 21 आणि 20 म्हणजे हेच अंश, हे मुलांना स्वतःला दिसू द्या. नाहीतर कोणता गुणाकार कोणाच्या डोक्यावर लिहायचा यातच गोंधळ होतो.

चढत्या क्रमासाठी वर्गात सुतळी बांधते, एका टोकाला 0, दुसऱ्याला 1. मुलं कार्ड घेऊन येतात आणि कपड्यांच्या चिमट्याने लावतात. 2/3 आणि 4/6 ची कार्डं मी मुद्दाम दोन भांडकुदळ पोरांच्या हातात देते. एकाच जागेवरून जुंपते. पट्ट्या एकावर एक ठेवून बघितल्या की दोन्ही कार्डं एकाच चिमट्यात लटकतात.