कोऱ्या चौकोनातल्या पक्षीनोंदी: या चुका टाळा

पुणे-मुंबईच्या आसपास ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या ॲपचा नकाशा गच्च भरलेला असतो, तर हिंगोली-वाशिमकडे ठिपके विरळ आणि नकाशाचे चौकोन कोरे. ही दरी भरावी म्हणून कमी नोंदींच्या जागी जाऊन याद्या करण्याची आव्हानं दिली जातात. लोक हौसेने निघतात, पण चुका दर वेळी त्याच.

सर्वांत जास्त नुकसान करते ती दिवसभराची एकच यादी. सकाळी साडेसहाला तालुक्याच्या गावातून गाडी निघते. आधी तलाव, मग माळ, मग नदीकाठ. रात्री घरी बसून सगळं एकत्र भरलं जातं: ४० किलोमीटर, नऊ तास, आणि पिन (नकाशावरची जागेची खूण) एसटी स्टँडवर. धाविक माळावरचा, चक्रवाक तलावातला, पण नोंदीत दोघेही स्टँडवर. ज्या चौकोनासाठी एवढं पेट्रोल जाळलं, तो कोराच राहतो.

गाडीतून उतरलात की यादी सुरू करा, गाडीत बसण्याआधी बंद करा. किमान १५ मिनिटं द्या; अर्धा तास आणि एखादा किलोमीटर भरपूर झाला. तलाव संपून माळ लागला की नवी यादी. ३० मीटरच्या आतच राहिलात तर ‘स्टेशनरी’, त्यापुढे गेलात तर ‘ट्रॅव्हलिंग’. त्याच वाटेने परत आलात तर अंतर एकदाच धरायचं. ॲप जाणं-येणं दोन्ही मोजतं, म्हणून आकडा हाताने निम्मा करा. पिन चाललेल्या वाटेच्या मध्यावर ठेवा. तीन किलोमीटरवरचा हॉटस्पॉट (ॲपमधली पक्षी बघण्याची सामायिक जागा) जागांच्या यादीत वर दिसला म्हणून तोच निवडणं हा निव्वळ आळस आहे.

दुसरी खोड पाण्याकडे धावण्याची. नवा चौकोन मिळाला की त्यातला पाझर तलाव शोधायचा आणि बाकीचं सोडून द्यायचं. २०१५ ते २०२० या काळात झालेल्या केरळ बर्ड ॲटलस या राज्यभराच्या पक्षीपाहणीत जागा चिठ्ठी टाकल्यासारख्या निवडल्या होत्या आणि प्रत्येक जागी १५-१५ मिनिटांच्या चार याद्या केल्या होत्या. जागा आपल्या आवडीवर सोडली नाही, म्हणूनच त्या माहितीला वजन आलं. तुरीचं शेत, पडीक रान, बाभळीचं बन यांनाही तेवढाच वेळ द्या. चंडोल, तिरचिमण्या, वटवट्ये तिथेच सापडतात. आठच जाती मिळाल्या तरी ती यादी पाठवा. घाईतल्या नवख्यांना ती पाठवावीशी वाटत नाही, पण नेमकी तीच हवी असते.

यादी पाठवताना ॲप विचारतं, ‘यादी पूर्ण आहे का?’ त्याला ‘नाही’ म्हणू नका. ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिलेत का, एवढाच तो प्रश्न आहे. दोन पक्षी ओळखले नाहीत म्हणून यादी अपुरी ठरत नाही. साळुंकी, कवड्या होला, चिमणी गाळलीत, तर मात्र ठरते.

संख्येच्या जागी ‘एक्स’ (म्हणजे ‘दिसले, पण मोजले नाहीत’) नको. अंदाजे ४० सातभाई चालतील.

आवाजावरून पक्षी सुचवणाऱ्या मर्लिन ॲपने नाव दाखवलं म्हणून पक्षी यादीत घालू नका. तो आवाज स्वतःच्या कानाने ओळखा किंवा पक्षी डोळ्यांनी गाठा.

घरी वाय-फायवर ॲपमधला प्रदेशाचा पॅक (तिथल्या पक्ष्यांची यादी) उतरवून घ्या, रानात रेंज नसते.

आणि कुणाच्या शेतात शिरण्याआधी हाक द्या: ‘काका, पक्षी बघायला आलोय, बांधावरून जाऊ का?’ दुर्बीण आधी त्यांच्या हातात द्या. माळटिटवी कुठे बसते, हे बहुतेक वेळा तेच सांगतात. ती अंड्यांवर असेल तर लांबूनच बघा आणि निघा.