यूकेला जाताय आणि घरात जुनाट आजार आहे? या चुका टाळा

आमच्या बेळगावात एक समज घट्ट बसलाय बगा, यूकेला गेलं की आजारी माणसाचं सगळं सरकार बघतंय. बघतंय की, पण आजार कुठला हे नंतर, आधी व्हिसा कुठला आणि तिथं किती दिवस राहिलाय ते.

माझ्या मावस बहिणीचंच सांगतो. तिला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जातंतूंचा जुनाट आजार) आहे, तिकडं कायम राहायची परवानगी पण आहे. खानापूरला माहेरी दीड वर्ष राहिली, परत गेल्या गेल्या पीआयपीला, म्हणजे आजारामुळं रोजची कामं जमत नाहीत त्यांना तिथलं सरकार देतंय त्या भत्त्याला, अर्ज टाकला, नाकारला. नियम असा की मागच्या 156 आठवड्यांपैकी 104 आठवडे ब्रिटनमध्ये पाहिजे. तिनं पासपोर्टच्या शिक्क्यांचे फोटो पाठवले, मी कालनिर्णयच्या मागं पेनानं मोजत बसलो, भरले 78. म्हटलं 26 कमी आहेत ना, सहा महिने थांब. चूक माझी! पुढं एक आठवडा भरला की मागचा एक गळतोय, आणि पहिले गळणारे ती तिकडं असतानाचेच, म्हणजे आकडा दीड वर्ष 78 वरच अडकतोय, मग कुठं खानापूरचे आठवडे गळायला लागतात. जवळजवळ दोन वर्षं गेली की हो. इकडं तात्पुरतं आलात तर 13 आठवडे हजेरीत धरतात, उपचारासाठी असेल तर 26, त्याच्या आत परत जावा. स्कॉटलंडचा नियम वेगळा, तिथं 52 पैकी 26.

वर्क व्हिसावाल्यांनी तर फॉर्मला हातच लावू नये. बहुतेक व्हिसांवर सरकारी भत्ते घ्यायचे नाहीत अशी अट असती, अर्ज केला तर व्हिसाच धोक्यात. एनएचएस, म्हणजे तिथली सरकारी दवाखान्यांची सेवा, त्यात येत नाही, त्यासाठी मोठ्या माणसामागं वर्षाला 1035 पौंड आधीच भरलेले असतात.

आईबाबांना व्हिजिटर व्हिसावर नेऊन तिथं ऑपरेशन करू म्हणणारे पण भेटलेत मला. इंग्लंडमध्ये अशांना दीडपट बिल लावतात, विमा काढा आधी.

आणि पीआयपीच्या अर्जाला नुसती रिपोर्टची फाईल जोडून चालत नाही. आंघोळ, स्वयंपाक, चालणं यातलं काय जमत नाही ते लिहायचं, त्रास तीन महिने झालेला आणि पुढं नऊ महिने राहणारा पाहिजे.

कागद जमवताना एक बघा, जुन्या दाखल्यावर बेळगाम, 1 नोव्हेंबर 2014 नंतरच्यावर बेळगावी, आणि तालुक्याचा दाखला कन्नडात. भाषांतर इथंच करून घ्या, तिथं कन्नड वाचणारा शोधत फिरायला लागतंय.