पॅरिसच्या छोट्या बिस्त्रोमध्ये जेवायला जाताना

पॅरिसमधले छोटे बिस्त्रो हे मुळात त्या गल्लीतल्या लोकांचे जेवणघर असते. पंचवीस-तीस माणसे दाटीवाटीने बसतील एवढी जागा, आत स्वयंपाकाला दोन-तीन जण, बाहेर वाढायला एक किंवा दोन जण आणि बाजारात काय चांगले मिळाले त्यावर ठरणारे मोजके पदार्थ, एवढाच त्याचा संसार असतो. ‘ब्रासरी’ नावाच्या मोठ्या उपाहारगृहात दिवसभर केव्हाही गेले तरी जेवण मिळते. बिस्त्रोत तसे होत नाही, आणि आपल्याकडून गेलेल्या पर्यटकांची अडचण बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. वाढणाऱ्यांच्या तुसडेपणाची जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी पुष्कळदा वेळेचा आणि क्रमाचा घोळ असतो, असे माझे मत आहे.

दुपारचे जेवण साधारण 12 ते 2 आणि रात्रीचे साडेसात ते दहा या वेळात मिळते. मधल्या वेळेत स्वयंपाकघर बंद असते, त्यामुळे संग्रहालय पाहून साडेतीनला भूक लागली तर बिस्त्रोचा विचार सोडून द्यावा. अनेक बिस्त्रो रविवारी आणि सोमवारी बंद असतात आणि ऑगस्टमध्ये तर काही आठवडे कुलूपच असते. जागा आधी राखून ठेवावी आणि उशीर होणार असेल तर फोन करून कळवावे, कारण वीस-तीस खुर्च्यांच्या ठिकाणी एक टेबल रिकामे राहिले तरी त्या रात्रीचा हिशेब कोलमडतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याने कामाच्या दिवशी दुपारी जावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्या वेळी ‘फॉर्म्युल’ नावाचा ठरावीक किमतीचा पर्याय मिळतो, ज्यात सुरुवातीचा आणि मुख्य, किंवा मुख्य आणि गोड, असे दोन पदार्थ येतात आणि रात्रीपेक्षा बरेच कमी पैसे लागतात.

बिस्त्रो निवडताना त्याची जातकुळी पाहावी. 1992 मध्ये ईव्ह काँदबोर्द या शेफने मोठ्या हॉटेलातली नोकरी सोडून शहराच्या चौदाव्या विभागात ‘ला रेगालाद’ सुरू केले आणि उंची स्वयंपाकाचे कसब साध्या जागेत, परवडणाऱ्या दरात आणले. पुढे अनेकांनी तोच मार्ग धरला आणि 2004 मध्ये सेबास्तियाँ दमोराँ या पत्रकाराने त्या प्रवाहाला ‘बिस्त्रोनोमी’ असे नाव दिले. या नव्या वळणाच्या काही ठिकाणी रात्री सगळ्यांना एकच ठरलेले जेवण असते. ज्यांना खाण्याची काही बंधने आहेत त्यांनी जुन्या पद्धतीचे, फळ्यावर आठ-दहा पदार्थ लिहिणारे बिस्त्रो पसंत करावे.

आत शिरताच, काहीही विचारण्यापूर्वी, दिवसा ‘बाँझूर’ आणि संध्याकाळनंतर ‘बाँस्वार’ म्हणावे. हा उपचार वाटला तरी तो टाळणे तिथे उर्मटपणाचे समजतात. टेबल आपणहून धरू नये, दाराशी थांबावे. दोन टेबलांमध्ये वीतभर अंतर असल्याने भिंतीलगतच्या बाकावर बसवण्यासाठी वाढणारी व्यक्ती टेबल बाहेर ओढते, आपल्याला आत जाऊ देते आणि पुन्हा जागच्या जागी सरकवते. त्या वेळी शेजारच्या पेल्यांना पदर, ओढणी किंवा पिशवी लागणार नाही एवढे पाहावे. बोलणेही त्याच अंतराच्या बेताने करावे.

पदार्थांची यादी बहुधा खडूने लिहिलेल्या पाटीवर असते आणि ती पाटी उचलून आपल्या टेबलाजवळच्या खुर्चीवर टेकवून ठेवतात. तिच्यावरचे ‘आँत्रे’ म्हणजे सुरुवातीचा पदार्थ आणि ‘प्ला’ म्हणजे मुख्य. प्रत्येकाने आपापला पदार्थ मागवायचा असतो. आपल्याकडच्यासारखे चार पदार्थ मध्ये ठेवून सगळ्यांनी वाढून घेण्याची तिथे रीत नाही. एकमेकांच्या ताटलीतला घास चाखायला मात्र कोणाची हरकत नसते.

आता सर्वांत महत्त्वाचे, म्हणजे काय खावे आणि काय टाळावे. गोमांस न खाणाऱ्यांनी केवळ ‘बफ’ हा शब्द शोधून भागत नाही. आँत्रकोत, ओंग्ले, बाव्हेत ही सगळी गोमांसाच्या तुकड्यांचीच नावे आहेत आणि ‘व्हो’ म्हणजे वासराचे मांस. ‘तार्तार’ हे बहुधा कच्चे गोमांस असते. आँदुयेत हे आतड्यांचे सॉसेज असून त्याचा वास फार उग्र असतो. शाकाहारी माणसाला याहून अधिक सावध राहावे लागते: कांद्याचे सूप बहुधा गोमांसाच्या अर्कात केलेले असते, सॅलडमध्ये लार्दाँ म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे पडतात आणि बटाटे बदकाच्या चरबीत परतलेले असू शकतात. म्हणून जागा राखतानाच ‘मांस नाही, मासे नाहीत, मांसाचा अर्कही नाही’ असे तिन्ही स्वतंत्रपणे सांगावे. नुसते शाकाहारी म्हटल्यास मासे चालतील असा समज होऊ शकतो. व्हिनेग्रेतमधले, म्हणजे तेल आणि व्हिनेगरच्या मिश्रणातले, उकडलेले लीक (कांद्याच्या जातीची जाड पातीची भाजी), बकरीच्या दुधाचे गरम चीज घातलेले सॅलड, अंडे चालत असल्यास अंडे-मेयोनेज किंवा ऑम्लेट यांवर चांगले जेवण होते. जे चीजमधले रेनेटही, म्हणजे चीजसाठी दूध गोठवणारे विरजणही, टाळतात त्यांनी मात्र फ्रेंच चीज विचारूनच घ्यावे, कारण परंपरागत प्रकारांत हे रेनेट प्राण्यापासूनचे असते.

मांसाहारी वाचकांनी पहिल्या वेळी बदकाचे काँफी मागवावे. मिठात मुरवलेली तंगडी बदकाच्याच चरबीत मंद आचेवर तासन्‌तास शिजवतात आणि वाढण्याआधी कातडी कुरकुरीत होईपर्यंत तापवतात. काटा टेकताच मांस हाडापासून सुटते. ते आतपर्यंत शिजलेले असल्याने आपल्या जिभेला परके वाटत नाही. याउलट ‘माग्रे’ म्हणजे बदकाच्या छातीचे मांस आतून गुलाबी ठेवून वाढतात, आणि ज्यांना ते नको असेल त्यांनी ‘बियाँ क्वी’, म्हणजे पूर्ण शिजवलेले, असे आधीच सांगावे.

पाणी मागताना ‘काराफ दो’ म्हणावे, म्हणजे नळाचे पाणी सुरईत मिळते. जेवणासोबतचे पाव आणि साधे पाणी यांचे पैसे वेगळे लावू नयेत, असा फ्रान्समध्ये 1967 पासूनचा नियम आहे. पाव ताटलीत न ठेवता थेट टेबलावर ठेवतात आणि ताटलीतला रस्सा त्याने टिपून खाल्ला तर स्वयंपाक करणाऱ्याला आनंदच होतो. वाइन पेल्याने किंवा पाव लिटर, अर्धा लिटरच्या छोट्या सुरईने मिळते. ती न घेतल्यास कोणी काही म्हणत नाही.

कॉफी गोड पदार्थानंतर येते, सोबत हवी असल्यास तसे सांगावे लागते. या साऱ्याला दीड ते दोन तास लागतात आणि मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत, कारण न मागता बिल ठेवणे म्हणजे पाहुण्याला उठवणे असे ते मानतात. नजर भिडली की ‘लादिस्याँ, सिल व्हू प्ले’ म्हणावे. चुटकी वाजवू नये. सेवेचे पैसे किमतीतच धरलेले असतात, त्यामुळे टीप बंधनकारक नाही. जेवण आवडले असेल तर दोन-तीन युरोंची नाणी ठेवावीत. काही उरले असेल तर संकोच न करता डबा मागावा, कारण जुलै 2021 पासून तो देणे कायद्यानेच आवश्यक केले आहे.