रबर आणण्याआधी जमीन बघा

गेली बारा-तेरा वर्षं मी नागपुरात रबराचं फ्लोअरिंग टाकतोय. जिम, पाळणाघरं, फिजिओथेरपीच्या खोल्या, आणि लॉकडाऊननंतर घराघरांतले व्यायामाचे कोपरे. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "भाऊ, फुटाचा भाव काय?" माझा उलटा प्रश्नही ठरलेला, "खाली काय आहे?" यावर बहुतेक जण थांबतात, कारण तिकडे कुणी बघितलेलंच नसतं. रबराचा रोल कितीही चांगला आणा, खालच्या जमिनीचा एकही दोष तो पोटात घालत नाही. ओल असली तर कोंडून ठेवतो, खड्डा असला तर त्यात बसतो, भुकटी असली तर गोंदासकट सुटून येतो. म्हणून ही यादी जमिनीची आहे. दुकानात जाण्याआधी, ॲडव्हान्स देण्याआधी एकेक गोष्ट करून घ्या.

पहिल्यांदा एका कागदावर दोनच गोष्टी लिहा. खोली कोणत्या मजल्यावर आहे, आणि रबरावर काय होणार आहे. योगासनं आणि पोरांची खेळखोली असेल तर हिशेब वेगळा, लोखंडी प्लेटा पडणार असतील तर वेगळा. तळमजला असेल तर ओलीची काळजी आधी, वरचा मजला असेल तर वजनाची.

ओलीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण नागपुरातली निम्मी कामं तिथेच बिघडतात. आपल्या शहराचा मोठा भाग काळ्या मातीवर बसला आहे. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. प्लिंथखाली, म्हणजे जोत्याखाली, मुरूम नीट भरलेला नसेल, कोब्याखाली, म्हणजे सिमेंट-काँक्रीटच्या जमिनीखाली, ओल अडवणारा थर टाकलेला नसेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये ओल खालून वर चढते. महाल या जुन्या वस्तीतल्या घरांत शहाबादी फरशी थेट चुन्या-मातीवर बसवलेली सापडते, तिथे तर असा थर असण्याची शक्यताच नाही. उघड्या फरशीतून ही ओल हवेत निघून जाते, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला कळत नाही. गोंद लावून रबर चिकटवलं की तिची वाट बंद होते.

आणि इथेच आपला उन्हाळा फसवतो. पारा पंचेचाळिशीला टेकलेला असतो, वाळत घातलेला कपडा पंधरा मिनिटांत कडक होतो, तेव्हा कोणतीही फरशी कोरडीच दिसणार. मेमध्ये तपासलेली जमीन ऑगस्टमध्ये तशीच राहील, असं धरून चालू नका. शक्य असेल तर तपासणी भर पावसाळ्यात करा आणि रबर दिवाळीनंतर टाका. घाई असेल, उन्हाळ्यातच टाकायचं असेल, तर मागच्या पावसाळ्याच्या खुणा शोधा. खाली बसा, भिंतीच्या पायथ्याशी बोट फिरवा. रंगाचे पापुद्रे निघतात का, पांढरा खार फुटलाय का? फरशीच्या सांध्यांत पांढरी पूड दिसते का? लोखंडी कपाट सरकवून बघा, त्याच्या पायांखाली गंजाचे तांबडे ठसे उमटलेत का? सिलिंडर ठेवायची जागा बघा. आणि घरातल्या वयस्क बाईला विचारा. हे शेवटचं मी मानेवाड्याकडच्या एका घरात शिकलो.

तिथे तळमजल्यावरच्या खोलीत बायकांचा व्यायामाचा वर्ग सुरू करायचा होता. मी मेमध्ये तपासणी केली, सगळं ठणठणीत कोरडं. पाण्यावर आधारित गोंदानं आठ मिलिमीटरचे रोल चिकटवून दिले. सप्टेंबरमध्ये फोन आला, खोलीत कुबट वास येतोय आणि कडा उचलल्यात. जाऊन कोपरा उचलला तर गोंद पुन्हा मऊ, बोटाला तार धरणारा, आणि खालचा कोबा काळाशार. घरच्या काकू दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "विचारलं असतं त सांगितलं असतं ना भाऊ. त्या कोपऱ्यात आम्ही गव्हाची कोठी ठेवतच नाही, पावसाळ्यात बूड गंजते तिचं." मी त्या घरात दोन वेळा गेलो होतो, चहा प्यालो होतो, आणि हा प्रश्न विचारला नव्हता. चूक माझी होती, रोल माझ्या खर्चानं काढले. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या वहीत पहिल्या ओळीवर आहे.

आता प्लास्टिकची चाचणी. ही तुम्ही स्वतः करा, खर्च शंभर रुपयांच्या आतला. जाड पारदर्शक प्लास्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा घ्या, जमिनीवर सपाट पसरा आणि चारही कडा रुंद टेपनं पूर्ण बंद करा, कुठेही हवा जायला नको. किमान सोळा तास ठेवायचा, मी पूर्ण एक दिवस ठेवतो. जागा अशी निवडा जिथे थेट ऊन पडत नाही, आणि एका तुकड्यावर भागवू नका. एक खोलीच्या मधोमध, एक बाहेरच्या भिंतीलगत, एक मोरीच्या किंवा बाथरूमच्या बाजूला. सकाळी टेप काढण्याआधी वाकून तिरप्या नजरेनं बघा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक दव धरलं असेल, किंवा उचलल्यावर कोब्यावर त्याच मापाचा गडद चौकोन दिसला, तर तिथे चिकटवायचं काम थांबवा. चाचणी कोरडी आली तरी ती त्या दिवसाचीच आणि वरच्या थराचीच बातमी देते. मोठ्या हॉलला, जिथे लाखाच्या वर खर्च आहे, तिथे कोब्यात भोक पाडून आतली आर्द्रता मीटरनं मोजून घ्या. भोक जाडीच्या ४० टक्के खोल लागतं. हे काम माहितगाराकडून करून घ्या.

नवीन कोबा असेल तर आणखी धीर धरा. २८ दिवस झाले म्हणजे कोबा वाळला, असा समज सर्रास आहे. २८ दिवस हे ताकदीचं गणित आहे, वाळण्याचं वेगळं. चांगल्या हवेत इंचाला साधारण एक महिना धरा. चार इंची कोब्याला चार महिने, आणि मधे पावसाळा आला तर जास्त. कोब्यावर क्युरिंग कंपाउंड, म्हणजे कोब्यातलं पाणी लवकर उडू न देणारं रसायन, फवारलंय का, हेही मिस्त्रीला विचारून ठेवा. असेल तर ते घासून काढल्याशिवाय गोंद धरणार नाही.

ओलीतून पार पडलात की सपाटी. प्लास्टरवाल्यांची ॲल्युमिनियमची सरळ पट्टी मागून घ्या, तीन मीटरची मिळाली तर उत्तम. ती आडवी, उभी आणि तिरपी फिरवा, खालून फट कुठे दिसते ते खडूनं आखा. तीन मीटरमध्ये पाच मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त असेल तर सेल्फ-लेव्हलिंग मॉर्टर, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारा माल, टाकून घ्या. साध्या सिमेंटच्या पातळ थरानं खड्डे भरू नका, तो महिनाभरात पापुद्र्यासारखा उठतो. रात्री दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च जमिनीलगत आडवा धरा. दिवसा न दिसणारा प्रत्येक उंचवटा सावली टाकतो. उंचवटा तासून काढा, खड्डा भरा, बारीक भेग इपॉक्सीनं बुजवा. पण इमारतीचा एक्स्पान्शन जॉइंट खोलीतून जात असेल तर तो बुजवायचा नाही आणि त्याच्यावरून चिकटवायचंही नाही. तो हलण्यासाठीच ठेवलेला असतो.

मग पृष्ठभाग कोणता, हा प्रश्न. कोबा सर्वांत बरा, बशर्ते कोरडा आणि घट्ट असावा. तळहात घासून बघा. हाताला पांढरी भुकटी लागली तर वरचा थर कच्चा आहे, तो मशीननं घासून प्राइमर मारावा लागेल. थेंबभर पाणी टाका. मिनिटाभरात जिरलं तर गोंदही धरेल. गोळा होऊन तसंच राहिलं तर वर काहीतरी आहे. तेल, मेण, जुना पेंट, काहीही. आपल्याकडे गॅरेजला खोली करण्याची पद्धत वाढली आहे, तिथे स्कूटरखालचे ऑइलचे डाग नक्की असतात. ते नुसते पुसून जात नाहीत, खरवडून आणि डिग्रीझरनं धुऊनच काढावे लागतात, आणि मग पुन्हा वाळवावं लागतं.

कोटा दगडाची फरशी आणि मोझॅक आपल्या घरांत भरपूर. दोन्ही घट्ट आणि टिकाऊ, पण पॉलिश करताना त्यांच्यावर मेण चढवलेलं असतं, म्हणून गोंद धरत नाही. माझा सल्ला, त्यांच्यावर चिकटवूच नका. कोटा पन्नास वर्षं टिकतो, भाड्याचं घर असेल तर मालकाला तो परत द्यायचा आहे. एकमेकांत अडकणाऱ्या रबरी टाइल सुट्या टाका.

व्हिट्रिफाइड टाइल दिसायला सरळ, पण ठोकून बघितल्याशिवाय विश्वास ठेवू नका. पाच रुपयांचं नाणं उभं धरून प्रत्येक टाइलच्या चार कोपऱ्यांवर आणि मधे वाजवा. भरीव असेल तर टक असा छोटा आवाज येतो. पोकळ असेल तर डब्यासारखा वाजतो, आणि एकदा ऐकला की कान तो विसरत नाही. बरेच मिस्त्री टाइलखाली सगळीकडे माल न भरता पाच ठिकाणी गोळे ठेवून बसवतात. चालण्या-फिरण्याला ते चालतं. वर दहा मिलिमीटर रबर असलं तरी वीस किलोचं डंबेल पोकळ टाइलवर पडलं की ती खालच्या खाली तडकते, आणि वरून तुम्हाला काही दिसत नाही. वाजणाऱ्या टाइलवर खडूनं फुली मारा, त्या काढून पुन्हा बसवा किंवा वजनाची जागा दुसरीकडे घ्या. टाइलचे सांधे रुंद आणि खोल असतील तर आधी भरून घ्या, पातळ रबरावर त्यांच्या रेघा काही महिन्यांत वर उमटतात.

संगमरवरावर मी काळं रबर थेट टाकत नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. रबरातले तेलकट घटक दगडात उतरतात आणि तो पिवळा-तपकिरी डाग पॉलिशनंही जात नाही. विनाइलचंही तेच. लाकडी आणि लॅमिनेट जमिनीवर हलके व्यायाम असतील तर सुटी टाइल ठीक, पण वर्षातून दोनदा उचलून खाली बघा, कारण खाली दमट हवा कोंडली की लाकूड फुगतं. कार्पेट काढून टाका. त्याच्यावर टाइल डुगडुगतात, सांधे उघडतात, आणि उड्या मारताना घोटा मुरगळायची भीती.

गच्चीचं जरा वेगळं. तिथे ढाळ हवाच, सपाटी करायच्या नादात तो मारू नका. बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे थांबतं ते अर्ध्या तासानं बघा. पाणी साचतं तिथे आधी दुरुस्ती. वॉटरप्रूफिंगचा थर डांबरी असेल तर त्याच्यावर रबर थेट टेकवू नका, दोन्ही एकमेकांना डागाळतात आणि उन्हात चिकटतात. आणि काळं रबर मेमधल्या दुपारी अनवाणी पायांना सोसवत नाही. लहान मुलांसाठी करत असाल तर सावलीची शेड आधी उभारा, रबर नंतर.

वरच्या मजल्यावर वजन मोजा. ढोबळ हिशेब असा, रबराच्या प्रत्येक मिलिमीटर जाडीला दर चौरस मीटरला साधारण एक किलो. दहा बाय बाराच्या खोलीत आठ मिलिमीटर म्हणजे नव्वद किलोच्या आसपास, ते काही नाही. पण घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या वापराच्या भारासाठी काढलेला असतो, आणि रॅक, प्लेटा, दोन माणसं एकाच कोपऱ्यात आली की तो आकडा सहज ओलांडला जातो. प्लेटा पडणार असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा, त्याची फी रबराच्या बिलापुढे किरकोळ आहे. बाल्कनीत वजनं नकोतच.

कूलर कुठे लागणार, हे आधी ठरवा. नागपूरकरांच्या खोलीत एप्रिल ते जून खिडकीला कूलर असतोच, आणि त्याची टाकी कधी ना कधी गळते. त्या खिडकीखालची दोन फूट पट्टी रबराशिवाय ठेवा, किंवा तिथे चिकटवू नका, सुटी टाइल ठेवा म्हणजे उचलून वाळवता येईल.

आता टाकायच्या आधीचे दोन दिवस. रोल किंवा टाइल त्याच खोलीत उघडून पसरून ठेवा, किमान २४ तास. टेम्पोतून उन्हात आलेलं रबर ताणलेलं असतं, तसंच कापून बसवलं तर रात्री आकसून सांध्यांत फटी पडतात. भिंतीपाशी पाच-सहा मिलिमीटर जागा सोडायची, स्कर्टिंगखाली ती दिसत नाही. जमीन व्हॅक्यूमनं साफ करा. केरसुणीनं धूळ हवेत उडते आणि तासाभरानं परत खाली बसते. फिनाइलनं पुसलं असेल तर साध्या पाण्यानं पुन्हा पुसा आणि पूर्ण वाळू द्या.

एवढं झालं की दार उघडून बघा. रबराच्या जाडीचा तुकडा उंबऱ्याशी ठेवा आणि दाराचं फळकूट त्याच्यावरून फिरवा. घासत असेल तर सुताराला आदल्या दिवशीच बोलवा, कारण रोल पसरल्यावर दार काढून रंधा मारायला खोलीत जागा उरत नाही.